जटाशंकरच्या कपारीत भेटलेला नेचा

आमच्या मनीने दिवाणखान्यातल्या 'फर्न'चा शेंडा चघळला आणि रात्रभर ओकत राहिली. सकाळी तिला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे धावलो. सोबत नेलेली फांदी पाहून ते म्हणाले, "वहिनी, हा फर्न नव्हेच. नाव अॅस्परॅगस फर्न, पण कूळ शतावरीचं. याची फळं तर मांजरा-कुत्र्यांना आणखी बाधतात."

मनी दोन दिवसांत सावरली. पण आठवीतल्या आमच्या लेकीने घरातल्या झाडून साऱ्या कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. "आता घरात एकही झाड नको," तिने बजावले. नागपूरच्या उन्हात त्यातली निम्मी झाडे जळून गेली.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही पचमढीला गेलो, ते झाडे पाहायला नव्हे, तर सासूबाईंसाठी. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो माणसे नागद्वारीच्या यात्रेला पचमढीच्या डोंगरात जातात. सासूबाईही तरुणपणी पायी गेल्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत. "यात्रा नाही जमली तरी पहाड एकदा डोळ्यांनी पाहू दे," एवढेच त्यांचे मागणे होते.

पाझरणारा पहाड

पचमढी सुमारे १,०६७ मीटर उंचीवर वसली आहे. जवळच १,३५२ मीटर उंचीचे धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. पहिल्याच सकाळी आम्ही जटाशंकरला गेलो. भस्मासुरापासून लपताना शंकराने येथे आपल्या जटा सोडल्या, अशी कथा आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये अरुंद घळ आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. नातीच्या खांद्यावर हात ठेवून सासूबाई एकेक पायरी उतरत होत्या. प्रत्येक पायरीगणिक हवा गार होत होती.

खाली पोहोचलो आणि लेकीने वर बोट दाखवले. ओल्या कड्याच्या भेगाभेगांतून हिरव्या झालरी लोंबत होत्या. काळ्या, दोऱ्यासारख्या चमकत्या देठांचा हंसराज होता. त्याच्या पानावर पडलेला थेंब न भिजवताच घरंगळून जात होता.

"पाऊस तर केव्हाच संपला. मग हे पाणी कुठून येतं?" तिने विचारले.

"पहाड पाझरतो," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही यात्रेत हेच पाणी प्यायचो."

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा आहे. पावसाळ्यात हा दगड पाणी पिऊन घेतो आणि पुढे कितीतरी दिवस ते थेंबाथेंबाने सोडत राहतो. नेच्यांना, म्हणजे आपल्या फर्नना, नेमके हेच हवे असते. त्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. ते ओल्या जागी पडले की नखाएवढा, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो. त्याच्यावरच्या नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी पेशीपर्यंत पोहोचतात, तेव्हा कुठे नवा नेचा जन्माला येतो. पाणी नसेल तर वंशच खुंटला!

मनगटावरची नक्षी

दुपारी अप्सरा विहारच्या वाटेवर लेकीला एका खडकाच्या बेचक्यात वीतभर उंचीचा नेचा दिसला. काही कळायच्या आत ती वाकली आणि तिने मुळाशी बोटे घातली. घरात झाड नको म्हणणारी हीच ती मुलगी!

"बिटिया, उखाडना मत," आमचे वयस्क वाटाडे मागून म्हणाले. "एक तुम ले जाओगी, एक पीछेवाला ले जाएगा. फिर यहाँ क्या बचेगा?"

ती ओशाळली. त्यांनी तिला जवळ बोलावले, पान न तोडता ते हलकेच उलटे केले आणि त्याची मागची बाजू तिच्या मनगटावर दाबली. पान सोडले तर कातडीवर पांढरीशुभ्र नक्षी उमटलेली! तो चांदी नेचा होता. त्याच्या पानामागे पांढरी भुकटी असते, तिचाच तो ठसा. पचमढीच्या परिसराला १९९९ साली जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि २००९ साली युनेस्कोच्या यादीतही त्याला स्थान मिळाले. पण एखादे झाड जिथल्या तिथे का राहू द्यावे, हे माझ्या मुलीला शिकवले ते त्या मनगटावरच्या ठशाने.

घरातली छोटी घळ

परतल्यावर लेकीने रोपवाटिकेतून बटन फर्न आणायला लावला, तोही पशुवैद्यांना फोनवर विचारून! बटनासारखी गोल पाने, उंची जेमतेम फूटभर आणि मांजरा-कुत्र्यांना विषारी नाही. अर्थात मनीने पोटभर खाल्ले तर कोणत्याही पाल्याने ओकारी व्हायचीच. डायफेनबाकिया, मनीप्लँट आणि लिली मात्र मांजर असलेल्या घरात नकोतच. त्यातही लिली मांजराच्या जिवावर बेतू शकते. नवे रोप आणले की पाने धुऊन घ्यावीत आणि वरची माती बदलावी. तिच्यात खताचे किंवा कीटकनाशकाचे दाणे असू शकतात.

पूर्वी माझे दोन फर्न मेले होते. का मेले, ते जटाशंकरला कळले. एकाला मी खिडकीतल्या उन्हात ठेवले होते, दुसऱ्याची बशी कायम पाण्याने भरलेली असे. घळीत ऊन थेट पोहोचत नाही, पण उजेड असतो. दगड ओला असतो, पण पाणी साचत नाही. म्हणून आता कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून दोन हात आत, पडद्याआड ठेवली आहे. पाच-सहा इंची, तळाला भोक असलेली कुंडी पुरते. पालापाचोळ्याचे खत, कोकोपीट आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन तळाशी विटांचे तुकडे घालावेत. रोप लावताना गड्ड्याचा मधला कोंब मातीत गाडू नये.

पाणी वार ठरवून घालू नका, मातीत बोट घालून पाहा. वरचा थर कोरडा लागला तरच खालून निथळेपर्यंत पाणी द्या. कुंडीखालच्या ताटलीत खडे पसरून थोडे पाणी ठेवावे. कुंडी खड्यांवर राहावी, पाण्यात नव्हे. पानांच्या कडा करपल्या तर हवा कोरडी आहे असे समजावे. उन्हाळ्यात आमचा फर्न कूलरच्या खोलीत कोपऱ्यात खूष असतो, फक्त कूलरचा थेट झोत त्याला सोसत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा निम्म्याने पातळ केलेले द्रवखत पुरेसे होते. वर्षा-दोन वर्षांनी, पावसाच्या सुरुवातीला, मुळांसकट गड्डा विभागला की एकाची दोन रोपे होतात.

हंसराज किंवा दुसरा नेचा लावलात तर पानामागचे तपकिरी ठिपके कीड समजून पुसू नका. ते ओळीने, नीट मांडलेले असतील तर बीजाणूच. वेडेवाकडे, देठावरही चिकटलेले आणि नखाने खरवडून निघणारे असतील, तर ते खवले किडे.

गेल्या पावसाळ्यात लेकीने आमच्या बटन फर्नची दोन रोपे केली. एक तिने सासूबाईंच्या खाटेजवळ ठेवले. सकाळी माळ ओढताना त्या कोवळी, गोगलगाईसारखी गुंडाळलेली पाने किती उलगडली ते पाहतात. मनी कधीतरी येऊन एखादे पान हुंगते, फारच झाले तर चावून पाहते, आणि पुन्हा त्यांच्या पायाशी जाऊन झोपते.

जायचे असेल तर

पचमढी मध्य प्रदेशात नर्मदापुरम (पूर्वीच्या होशंगाबाद) जिल्ह्यात आहे. जवळचे रेल्वे स्थानक इटारसी-जबलपूर मार्गावरचे पिपरिया, तेथून पुढे सुमारे ५० किलोमीटरचा घाटरस्ता. नागपूरकरांना छिंदवाडा-तामियामार्गे मोटारीने जाता येते. नेचे पाहायचे तर पाऊस सरल्यानंतरचे दिवस उत्तम. सोबत घट्ट पकडीचे बूट आणि एक भिंग न्यावे. परतताना पिशवीत माती नसावी. कपारीतले नेचे कपारीतच राहू द्यावेत.