सभासदाचे कार्ड आणि मुक्कामाची खोली



जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर माळशेज घाट उतरून कल्याण, पुण्याला जायचे तर नारायणगाव, मंचर, खेड करीत एस.टी. मंत्रालयातली फाईल, जात पडताळणीची सुनावणी, मुलाची स्पर्धा परीक्षा, आजाऱ्याची तपासणी, अशा कामांत एक मुक्काम पडतोच. पूर्वी हा प्रश्न नव्हता. वरळीच्या नाहीतर नायगावच्या बी.डी.डी. चाळीत कोणी ना कोणी नातलग असायचा. १६० चौरस फुटांची खोली, घरची सात माणसे आणि गावाहून आलेले आम्ही तिघे! पुरुषांनी बाहेर पॅसेजमध्ये पथारी टाकायची. आता त्या चाळींच्या जागी टॉवर उठत आहेत. आमचे नातलग केव्हाच बदलापूर, नालासोपाऱ्याकडे पांगले. रात्री दहाला त्यांचे दार वाजवणे जिवावर येते.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही हॉटेलात उतरू लागलो. कचेरीच्या कामाने मुंबईला गेलो असता एका साखळी हॉटेलच्या काऊंटरवरील मुलाने फॉर्म भरून घेतला आणि आम्ही त्यांचे ‘सभासद’ झालो. मंडळाचे सभासद, पतपेढीचे सभासद, तसे आता हॉटेलचेही! मोबाईलवर सारखे निरोप येतात: तुमच्यासाठी खास दर, तुमचे इतके गुण जमा झाले. मोठे बरे वाटते. पण आम्ही बी.कॉम. झालो ते आकडे मांडण्यासाठी, म्हणून एकदा कागद-पेन घेऊन बसलोच.

समजा, खोलीचा दर २,००० रुपये आणि सभासदाला १,८०० रुपये. शंभर रुपयांना ५ गुण, म्हणजे एका रात्रीचे ९० गुण. हे गुण वापरायला गेलो की एका गुणाचे २५ पैसे धरतात. म्हणजे ९० गुणांचे झाले साडेबावीस रुपये. आता त्याच भागातला साधा, स्वच्छ लॉज १,२०० रुपयांना मिळत असेल, तर रात्रीमागे ६०० रुपये जास्त मोजून आपण साडेबावीस रुपये कमावले. दहा रात्रींत सहा हजार गेले आणि सव्वादोनशे आले. याला बचत कोण म्हणेल? शिवाय गुणांना मुदत असते. वर्ष-दोन वर्षांत वापरले नाहीत तर पुसले जातात. आणि भल्याभल्यांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, बहुतेक साखळ्या गुण देतात ते थेट त्यांच्याकडे खोली घेतली तरच. दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरून घेतली तर गुण शून्य.

तरीही कार्ड अगदीच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. दोन माणसांचा सकाळचा नाष्टा दरातच धरला असेल तर बाहेरचे दीड-दोनशे वाचतात. खोली रिकामी असेल तर सभासदाला अकराऐवजी दुपारी दोनपर्यंत राहू देतात. चारची एस.टी. पकडणाऱ्याला आणि विशेषतः बरोबर पेशंट असणाऱ्याला याचे मोल फार. दर विचारताना मात्र दोघांचा विचारू नये, चौघांचा विचारावा. आपली माणसे एकटीदुकटी जातात कुठे? जादा गादीचे पैसे, मुलाचे वय किती धरतात, लिफ्ट आहे का, गरम पाणी किती वाजता, हे सारे फोनवरच विचारून घ्यावे. आणि हॉटेल अंधेरीला, काम परळला असेल तर वाचवलेले पैसे टॅक्सीवाला नेतो.

कराचेही माहीत असू द्यावे. १८ जुलै २०२२ च्या आधी दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जी.एस.टी. नव्हता. मग गरिबाच्या खोलीलाही १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे. म्हणजे १,८०० च्या खोलीला ९० रुपये. कोणी अजून बारा टक्के लावून बिल दिले तर तिथेच बोट ठेवावे. ज्या लॉजच्या पावतीवर जी.एस.टी. नंबरच नाही, त्याला कर मागण्याचाही अधिकार नाही.

पुण्यात आपल्या लोकांना आणखी एक खोडा येतो. आधार कार्डावर जिल्हा पुणे लिहिलेले असते. काऊंटरवरचा मनुष्य म्हणतो, ‘लोकल आयडी चालत नाही.’ अहो, जुन्नर कुठे, पुणे कुठे! जवळजवळ शंभर किलोमीटरचे अंतर! एकदा रात्री नऊला आम्हांला असेच बाहेर काढले. असा कायदा कुठेही नाही, तो त्या-त्या हॉटेलचा स्वतःचा नियम असतो. म्हणून पैसे भरण्याआधीच फोन करून ‘जुन्नरचे आधार चालेल का?’ असे विचारावे आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.

आमच्या आत्याबाईंना पहिल्यांदा हॉटेलात नेले तेव्हा त्या दारातच थबकल्या. ‘आपल्याला आत घेतील का रे?’ म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, घोडेगावच्या बाजारात कोणाला न घाबरणारी! पण ती भीती त्यांची एकट्याची नव्हती. १९१७ साली बाबासाहेब अमेरिका-इंग्लंडचे शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून बजावून गेले. मित्रांनीही घरात घेतले नाही. तो वेळ त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत काढला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, आणि त्याला रात्रीपुरते छप्पर नाही! पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले ही नावे घालून लिहिली गेली. तिथे जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. आत्याबाईंनी रजिस्टरवर स्वतःच्या हाताने, आडनावासकट सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली सही! काऊंटरवरच्या मुलाला त्यात काही विशेष वाटले नाही, आणि तेच आम्हांला विशेष वाटले.

तसे मुक्कामाच्या खोलीचे शास्त्र आपल्या तालुक्याला नवे नाही. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात भिक्खूंसाठी २० खोल्या कोरल्या आहेत. जुन्नरच्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. यवनांनी दिलेली टाकी आणि भोजनमंडपही इथे आहेत. आधी पाणी पाहायचे, मग खोली, हा हिशेब दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना बरोबर कळत होता. हॉटेलच्या गुलाबी पत्रकात पाण्याची गोष्ट शेवटी असते.

कॅन्सरच्या पेशंटला घेऊन जाणाऱ्यांनी मात्र हॉटेल आणि कार्ड यांच्या नादी लागू नये. तिथे मुक्काम एक-दोन रात्रींचा नसतो, महिनोन्महिने चालतो. टाटा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा पेशंटांसाठी आहे. धर्मशाळेत राहण्यात कमीपणा मानू नये. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती.

आमच्या कार्डावर आज १,१०० गुण आहेत, म्हणजे २७५ रुपये. आंबेगावातल्या एका मुलीची पुढच्या महिन्यात पुण्याला परीक्षा आहे. सकाळी आठला हजर राहायचे, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम आला. हे गुण तिच्या खोलीला लावता येतील का, असे आम्ही हॉटेलला विचारले. सभासद स्वतः मुक्कामाला हवा, असे उत्तर आले. मग केंद्रापासून चालत दहा मिनिटांवरचा एक लॉज पाहिला. वडील-मुलगी दोघांचे नऊशे रुपये, पहाटे पाचपासून गरम पाणी. आणि हो, जुन्नर-आंबेगावचे आधार चालते, दोनदा विचारून घेतले आहे.