न कुजणारा कण

मातीतून आलेली वस्तू अखेर मातीला मिळते, हा निसर्गाचा जुना दंडक आहे. पूर्वी घरातील सुती लुगडे जीर्ण झाले म्हणजे त्याची गोधडी होई. गोधडी विरली म्हणजे तिचे पोतेरे होई. आणि पोतेरेही फाटले म्हणजे ते उकिरड्यावरून खताबरोबर शेतात जाऊन पडे. पुढल्या पावसाळ्यानंतर त्याला ओळखणारे कोणी उरत नसे. बुरशी, जीवाणू आणि गांडुळे या अबोल कामकऱ्यांनी त्याचा धागान्‌धागा उकलून मातीच्या स्वाधीन केलेला असे.

विसाव्या शतकात माणसाने या दंडकाबाहेरची एक वस्तू निर्माण केली. १९०७ साली लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने पहिले पूर्णतः कृत्रिम प्लास्टिक तयार केले. पुढे १९३३ साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत, दुसराच प्रयोग चालू असता, पॉलिथिन अनपेक्षितपणे हाती आले. हलके, स्वस्त, पाण्याला न जुमानणारे आणि हवा तो आकार घेणारे हे द्रव्य पाहून माणूस हरखून गेला, यात नवल ते काय? रुग्णाला जीवदान देणारी रक्ताची पिशवी आणि शेतात पाणी नेणारी नळी ही त्याचीच देणगी होय. १९५० साली साऱ्या जगात सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार होत असे; आज ते दरवर्षी ४० कोटी टनांहून अधिक होते. परंतु ज्या चिवटपणामुळे प्लास्टिक उपयोगी ठरले, त्याच चिवटपणामुळे ते पुढे संकटही ठरले.

फुटणे आणि कुजणे यांत मोठे अंतर आहे. लाकूड कुजते तेव्हा त्याचे लाकूडपण संपते. उन्हाने कडक झालेली प्लास्टिकची पिशवी बोटांत धरताच तिचा चुरा होतो. पण त्या चुऱ्यातील प्रत्येक कण प्लास्टिकच राहतो. प्लास्टिकचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. त्या साखळ्या सहजी तोडून खाण्याची विद्या मातीतील सूक्ष्म जीवांना अद्याप साधलेली नाही. ऊन, वारा आणि लाटा यांच्या माऱ्याने तुकड्यांचे तुकडे होत जातात. वस्तू दिसेनाशी होते, नाहीशी मात्र होत नाही.

ही गोष्ट ज्यांनी जगाच्या ध्यानी आणून दिली, त्यांत रिचर्ड थॉम्पसन या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. १९९३ च्या सुमारास, विद्यार्थीदशेत, ते आइल ऑफ मॅन या बेटाच्या किनाऱ्यावर सफाईच्या कामात सहभागी झाले होते. लोक बाटल्या, दोर आणि जाळ्यांचे तुकडे उत्साहाने गोळा करीत होते. वाळूत मिसळलेल्या बारीक रंगीत कणांकडे मात्र कोणाचेही लक्ष नव्हते. थॉम्पसन यांचे लक्ष नेमके तेथेच गेले. मोठा कचरा उचलून किनारा स्वच्छ दिसेल. परंतु या कणांचे काय?

पुढे प्लिमथ येथील विद्यापीठात त्यांनी वाळूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा साध्या डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे तंतूही आढळले. ते केव्हापासून समुद्रात जमू लागले असावेत? या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या साठ्यात मिळाले. १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे एक यंत्र बांधून समुद्रातील प्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगत राहणारे सूक्ष्म जीव, रेशमी पट्टीवर टिपून घेण्याची प्रथा होती. त्या पट्ट्या जपून ठेवलेल्या होत्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सागरी मार्गांवरच्या जुन्या पट्ट्या उलगडताच १९६० नंतरच्या दशकातील प्लवकांतही प्लास्टिकचे तंतू सापडले, आणि पुढील दशकांत त्यांची संख्या लक्षणीयरीत्या वाढलेली दिसली. प्लवकांसाठी जपलेल्या रेशमाने प्लास्टिकविरुद्ध साक्ष दिली! २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. ५ मिलिमीटरहून लहान अशा प्लास्टिकच्या कणांना आज हे नाव देतात.

हे कण केवळ किनाऱ्यावरच्या कचऱ्यातून येतात असे नाही. टायर रस्त्यावर झिजतात, भिंतींचे व जहाजांचे रंग सुटतात, त्यांतूनही ते येतात. प्लिमथ येथेच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की ६ किलो कृत्रिम धाग्यांचे कपडे यंत्रात एकदा धुतले असता ७ लाखांहून अधिक तंतू पाण्यात जाऊ शकतात. तेथून गटार, गटारातून नदी आणि नदीतून सागर, असा त्यांचा प्रवास चालू राहतो. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी राहणाऱ्या जीवांच्या पोटात प्लास्टिक सापडले आहे. आणि एव्हरेस्टच्या माथ्याजवळील बर्फातही ते असल्याचे २०२० साली सिद्ध झाले.

जे पाण्यात, हवेत आणि अन्नात आहे, ते माणसाच्या देहाबाहेर कसे राहील? २०२१ साली इटलीतील संशोधकांनी मातेच्या उदरात बालकाचे पोषण करणाऱ्या वारेत हे कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ निरोगी व्यक्तींचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक मिळाले. २०२४ साली इटलीतच आणखी गंभीर गोष्ट उघडकीस आली. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत साचलेला थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन होते. पुढील सुमारे ३४ महिन्यांत, ज्यांच्या थरात असे कण होते त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या सुमारे साडेचारपट दिसून आला.

मात्र येथे घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. हे त्या संशोधकांनीच बजावून सांगितले आहे. शिवाय हे मोजमाप मोठे अवघड. प्रयोगशाळेच्या हवेतही प्लास्टिकचे तंतू तरंगत असतात. म्हणून अनेक संशोधक काम करताना सुती कपडे घालतात आणि काचेची भांडी वापरतात. भीतीच्या भरात बोलणे सोपे असते. जेवढे कळले तेवढेच सांगणे ही शास्त्राची नीती आहे.

तथापि पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत स्वस्थ बसणे हेही शहाणपणाचे नव्हे. छपरातून धूर येताना दिसला, तर ज्वाला दिसण्याची वाट पाहत कोणी बसत नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. जागतिक करार करावा असा ठराव २०२२ साली नैरोबी येथे झाला. परंतु ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हाची बैठक सहमतीवाचून संपली. प्लास्टिकचे उत्पादन किती आवरावे, या प्रश्नावर राष्ट्रांचे एकमत झाले नाही.

एका मुलाने कापडी पिशवी हाती घेतली म्हणून सागर स्वच्छ होणार नाही, हे खरे. कायदा, कारखाने आणि राज्यकर्ते यांची जबाबदारी मुलांच्या खांद्यांवर टाकणे अन्यायाचेच होईल. तरीही कढत अन्न प्लास्टिकच्या डब्यात न भरणे, प्लास्टिक न जाळणे, सुती वस्त्र टिकेल तोवर वापरणे या गोष्टी प्रत्येक घराच्या हाती आहेत. कारण उष्णतेने प्लास्टिकमधून अधिक कण सुटतात आणि जाळल्याने विषारी धूर होतो.

वस्तू घेताना तिची किंमत काय आणि ती किती दिवस टिकेल, एवढेच माणूस आजवर विचारीत आला. ती टाकल्यावर कोठे जाईल, हा तिसरा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. आज शाळेत शिकणारी पिढी उद्या कारखाने चालवील, कायदे करील आणि बाजारहाट करील. हा प्रश्न तिच्या अंगवळणी पडला, तर रेशमी पट्ट्या उलगडणाऱ्या पुढच्या संशोधकाला कदाचित तंतूंची संख्या घटलेली दिसेल.