कानाशी धरलेला कोसा

२०२२च्या नाताळात मी अकरा कोसे कापले. पहिला कापला तेव्हा आत काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. पुढचे दहा मी ठाऊक असूनही कापले. हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर चांद्याच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीतलं. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे मिशन सुरू केलं, आणि आमच्याकडची वडीलधारी माणसं चंद्रपूरला अजून चांदाच म्हणतात. आमचा नाताळ म्हणजे अनारसे, करंज्या, चकल्या. दिवाळीत शेजारणींकडे झालेला फराळ दीड-दोन महिन्यांनी आमच्याकडे होतो, एवढाच फरक. अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, ते काम लहानपणी माझ्याकडे असायचं. केक आमच्यात बराच उशिरा आला. बल्लारपूरकडे केरळातून आलेली सिरो-मलबार मंडळी आहेत, त्यांच्या चांदा धर्मप्रांताची सुरुवात १९६२ची. त्यांच्या घरचा काळसर, मनुका घातलेला केक आमच्या आईने पहिल्यांदा खाल्ला तो लग्नानंतर.

त्या वर्षी ऑक्टोबरात मंडळीच्या बायकांच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं, की यंदा माझ्या घरी बाजारातली एकही वस्तू येणार नाही. प्लास्टिकचे तारे नाहीत, चकचकीत कागद नाही, डब्यातला केक नाही. सगळं घरी आणि सगळं आपल्या जंगलातलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी सात वर्षांची मुलगी शेजारी बसली होती, तिनेही वाजवल्या. हेतूबद्दल मला आजही लाज नाही. पण आपलं जंगल म्हणताना मी कधी मोह वेचला नव्हता, बांबू तोडला नव्हता, कोशाची राखण केली नव्हती. जंगलात जे आहे ते पडून आहे आणि फुकट आहे, असं मी धरून चालले होते.

घरी केलेल्या बांबूच्या ताऱ्याचं थोडक्यात सांगते. बुरडांकडे बांबू आणायला गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या काकांनी मला जुना, भरलेला मानवेल काढून दिला. मला हिरवा, कोवळा हवा होता, कारण त्याच्या कामट्या सहज वाकतात. ते म्हणाले, ‘पोरी, हा टिकत नाही. याले भुंगा लागते.’ मी हसून हिरवाच घेतला. तारा सुरेख झाला. सहा जानेवारीनंतर तो उतरवून माळ्यावर ठेवला आणि फेब्रुवारीत त्याच्याखाली पिठासारखी पिवळी भुकटी पडलेली दिसली. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त असतं, भुंगेऱ्याला तेच हवं असतं. निदान तीन वर्षांचा बांबू घ्यावा, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, नाहीतर बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावा, हे मला नंतर कळलं. चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, माझ्या घरापासून तासाभराच्या आत. मी एकदाही विचारायला गेले नाही. भुंगेरा ताऱ्यावर थांबला नाही. माळ्यावरच सासूबाईंची दोन सुपं होती, त्यांच्या आईने दिलेली. तीही पोखरली गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सुपं उन्हात ठेवून कितीतरी वेळ नुसत्या हाताने झटकत राहिल्या.

पळसाच्या पानांत भेटी बांधायच्या हा दुसरा बेत. पत्रावळी लावणाऱ्या बायका पानं ओली असताना टाचतात आणि दडपणाखाली वाळवतात. मी ओल्या पानांत खाऊचे पुडे बांधून तसेच टोपलीत ठेवले. तिसऱ्या दिवशी पानं आखडून तडकली, टाके सुटले, शंकरपाळे टोपलीभर झाले. शेवटी घरातले ब्लाउजपीस काढले आणि चारी टोकांची गाठ मारून त्यात पुडे बांधले. आजही तेच करते. कापड घेणाऱ्याच्या घरी कामाला येतं, आणि गाठ सोडताना मुलांना जी मजा येते ती कागद फाडण्यात नाही.

मोहाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

वाळलेलं मोहफूल दिसायला मनुकेसारखं असतं आणि त्यात निम्म्याहून अधिक साखर असते. मनुकांऐवजी मोह घालून केक करावा, ही कल्पना मला फार आवडली होती. मार्च-एप्रिलात पहाटे वेचलेली, अंगणात वाळवलेली फुलं मूल गावच्या बाजारातून दोन किलो आणली. इथल्या घरांत मोह नीट निवडतात. आतले बारीक केसर काढून टाकतात, नाहीतर ते दातांत आणि घशात अडकतात. मग धुऊन, वाफवून किंवा तव्यावर भाजून तीळ-जवसाबरोबर कुटतात आणि लाडू करतात. मी यातलं काही केलं नाही. केकच्या मनुका रसात मुरवतात म्हणून मीही संत्र्याच्या रसात मोह भिजवला आणि झाकण लावून स्वयंपाकघरात चार दिवस ठेवला. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर फेस आला होता. वासावरून काय झालं आहे ते मला कळलं. पण फुलं दोन किलो होती, बावीस तारीख होती, आणि भट्टीत वास उडून जाईल असं मी स्वतःला सांगितलं.

पूर्ण उडाला नाही. केक भाजून निघाला तेव्हा तो गोड, आंबूस, उग्र वास मागे राहिला होता. मला वाटलं, हीच तर आपल्या मातीची चव.

पहिला तुकडा मी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींकडे नेला. रक्ताच्या मावशी नव्हेत, पण माझ्या बाप्तिस्म्यापासून मला ओळखणाऱ्या. त्यांचं सासर गडचिरोलीकडचं. त्या जिल्ह्यात दारूबंदी १९९३ साली आली, ती बायकांच्या रेट्यामुळेच आली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला आली आणि २०२१मध्ये उठली. हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. मावशींच्या यजमानांनी मोहाच्या दारूपायी आधी बैल, मग बांधाकडचं शेत आणि शेवटी प्राण घालवले, हेही मला माहीत होतं. तरी ताटली घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी ताटली हातात घेतली, तोंडाजवळ नेली आणि परत माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘हा वास मी सत्तावीस वर्षं घरात सोसला, पोरी. नाताळाच्या दिवशी नको.’

मी घाईघाईने समजावू लागले, की यात दारू नाही, मोह म्हणजे काही फक्त दारू नव्हे, तो अन्न आहे, औषध आहे. प्रत्येक शब्द खरा होता. धान्य संपल्याच्या दिवसांत मोहाने इथल्या कितीतरी घरांना जगवलं आहे, आणि नुसत्या दारूसाठी त्याचं नाव घेतलं जातं याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्या क्षणी मावशींना ते ऐकवणं ही आधीच्या चुकीहून मोठी चूक होती. त्या माझं बोलणं संपेपर्यंत थांबल्या आणि ‘बस, चहा ठेवते’ म्हणाल्या.

आता मी मोह निवडून, वाफवून, त्याच दिवशी वापरते, केकला आंबूस वास येत नाही. मावशींसाठी चारोळीचा वेगळा करते. त्यांना मी मोहाचा केक पुन्हा कधी विचारलेला नाही.

गुंजांची गोष्ट आठवली की अजून पोटात गोळा येतो. लाल दाणा, वर काळा डोळा, नाताळाचा रंग आयताच. मुलगी आणि मी शेतबांधावरून वाटीभर गुंजा वेचल्या. मी तापवलेल्या सुईने प्रत्येकीला भोक पाडलं आणि एकशे बारा गुंजांची माळ झाडाला गुंडाळली. झाड म्हणजे सुरूची फांदी, कुंडीत रोवलेली. चोवीस तारखेला मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका घरी आल्या. त्यांनी माळ पाहिली आणि पर्स खाली न ठेवताच विचारलं, ‘भोकं कुणी पाडली?’ गुंज विषारी आहे हे मी ऐकून होते, पण जुन्या सोनारांनी ती तराजूत वापरली, आजीच्या डब्यात ती असायची, म्हणून मनावर घेतलं नव्हतं. अख्खी गुंज गिळली तर टणक सालीमुळे ती बरेचदा तशीच बाहेर पडते. चावली गेली किंवा तिला भोक पडलं की आतलं विष मोकळं होतं, आणि अगदी थोडंही लहान मुलाला पुरतं. त्या दिवशी शेजारचं दोन वर्षांचं बाळ सकाळभर आमच्याकडे खेळलं होतं.

माळ तोडून मोजली. एकशे नऊ भरल्या. दिवाणाखाली दोन सापडल्या. एक सापडली नाही. मी शेजारी जाऊन खरं ते सांगितलं. बाळाच्या आईने मला आत घेतलं नाही, दारातूनच बाळाला उचलून ती दवाखान्यात गेली. बाळाला काही झालं नाही. पण त्या रात्री चर्चमध्ये गीत चालू असताना मी नुसते ओठ हलवत होते.

आता कोसे.

आरमोरीकडे कोसा, म्हणजे टसर रेशीम, होतो. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या आणि पक्षी, मुंग्या, माकडं यांपासून दिवसभर त्यांची राखण करायची. ढिवर समाजातली कितीतरी कुटुंबं हे पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. टसरच्या कोशाला निसर्गतः एक टणक देठ असतो, फांदीला पकडायला टोकाशी कडीही असते. म्हणजे तळ कापला की झाडाला टांगायची घंटा तयार. माझ्या ओळखीच्या ओळखीने नोव्हेंबरच्या शेवटी मी एका घरी गेले. ओसरीत कोशांच्या माळा टांगलेल्या होत्या. घरची बाई म्हणाली, ‘ताई, हे बियाचे आहेत जी. पावसाळ्यापर्यंत ठेवतो आमी.’ मी म्हणाले, चाळीसच तर हवेत, पैसे देते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग एक माळ सोडून तिने चाळीस मोजून दिले. पाहुणीला नाही म्हणणं तिला जड गेलं असणार. बियाचे म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

चोवीसच्या संध्याकाळी, गुंजांच्या माळेची जागा रिकामी झाल्यावर, मी कात्री घेतली. साल फार कठीण होती. पहिल्या कोशाचा तळ सुटला आणि त्यातून तपकिरी, लांबट जीव मुलीच्या तळहातावर पडला. तो हलला. शेपटाकडून वळला, परत वळला. ती म्हणाली, ‘आई, हा झोपलेला होता.’

मी तिला आजीकडे पाठवलं, दार लोटलं आणि आणखी दहा कापले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. बाजारातलं काही येणार नाही असं मी सांगून बसले होते. आतले जीव कागदात गुंडाळून बागेत पुरले. झाडावर अकरा घंटा लागल्या आणि सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मुलगी त्या खोलीत आली नाही.

जानेवारीत उरलेले एकोणतीस कोसे आणि मुलीला घेऊन मी आरमोरीकडे गेले. हिवाळ्यात कोशात गेलेला हा जीव पावसाच्या सुरुवातीपर्यंत झोपून असतो, मग पतंग होऊन देठाकडच्या टोकाने बाहेर येतो, आणि एक मादी साधारण दोनशे अंडी घालते. हे एव्हाना मी समजून घेतलं होतं. त्या बाईला मी सगळं सांगितलं, अकराचं, दार लोटल्याचंही. तिने फक्त विचारलं, ‘बाकीचे कशात ठेवले होते?’ प्लास्टिकच्या डब्यात, झाकण लावून, महिनाभर. तिने कपाळाला हात लावला. वारा लागावा म्हणून तर त्या माळा ओसरीत टांगलेल्या होत्या.

मग ती खाली बसली आणि एकेक कोसा कानाशी धरून हळूच हलवू लागली. जिवंत असेल तो हाताला जड लागतो. मेलेला हलका पडतो, आत सुटा होऊन वाजतो. जिवंत ती डावीकडे ठेवत होती, मेलेला उजवीकडे. माझी मुलगी तिच्यासमोर मांडी घालून बसली. चार-पाच पाहून झाल्यावर त्या बाईने एक कोसा तिच्या हातात दिला. मुलीने तो कानाशी धरला, डोळे मिटले, हलवला. बराच वेळ ऐकत राहिली आणि मग डावीकडे ठेवला. बाईने तो उचलून पुन्हा स्वतःच्या कानाशी नेला, आणि परत डावीकडेच ठेवला.

एकोणतीसपैकी सतरा डावीकडे गेले.