जुना ट्रॅक्टर, नवे इंजिन

संत्र्याच्या बागेत मोठा ट्रॅक्टर शिरला की फांद्या मोडतात. म्हणून परतवाड्याच्या आमच्या बागेसाठी वडिलांनी अठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला होता. वडील गेले; गेल्या उन्हाळ्यात इंजिनही बसले. गिअरपेटी मात्र धडधाकट होती.

मी जास्त ताकदीचे इंजिन बसवायला निघालो. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, जवान बैलासंगं म्हातारा जुंपला तं म्हाताराच बसते." मग तेवढ्याच ताकदीचे इंजिन बसवले. क्लचचा दांडा सरळ रेषेत आल्याशिवाय त्यांनी बोल्ट आवळले नाहीत. आरसी बुकात नवा इंजिन नंबरही चढवून घेतला.

मृगाआधी वखरणी झाली. माय ओट्यावरून म्हणाली, "आवाज बदलला ना रे बाबू."

"हो माय. पण चाकं बाबाचीच आहेत."