शेनिन ब्लां आणि कोथिंबीर वडी

फ्रेंच व्हाईट वाईनबरोबर काय खावं असं नेटवर विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: कालवं, बकरीच्या दुधाचं चीज, लोण्यात परतलेला मासा. आता आमच्या नाशकातल्या घरात रविवारी यातलं काय असणार! आमच्याकडे सकाळी मिसळ आणि दुपारी काळ्या मसाल्याचं मटण. म्हटलं, बघू तरी काय होतं.

बाटली वूव्रेची, ऑफिसातल्या मित्राने पॅरिसहून आणलेली. वूव्रे हे फ्रान्समधलं लुआर नदीकाठचं गाव, आणि तिथली वाईन जवळजवळ सगळी शेनिन ब्लां या द्राक्षाची. लेबलवर 'सेक' असेल तर ती गोड नसते, 'डेमी-सेक' असेल तर किंचित गोड. माझी डेमी-सेक. गंमत म्हणजे हेच शेनिन आपल्याकडेही पिकतं. २००० साली सुलाच्या पहिल्या वाईन्स आल्या, त्यातही ते होतं. म्हणून एक नाशिकची बाटलीही आणली. दोन्ही गार करून शेजारी शेजारी.

नाशिकची लगेच आवडते. पेरू, अननस, आणि घोट संपला की चवही संपते. वूव्रेत आधी हिरवं सफरचंद, मग मध, आणि आंबटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. तिकडे थंडीमुळे द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना काढणी. साखर भराभर वाढते, आंबटपणा तितकाच भराभर उतरतो.

आता खाणं. अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं, साखरेने जरा निवतं. त्यामुळे मिसळीला वूव्रेने बऱ्यापैकी तोंड दिलं. मटणापुढे दोन्ही आडव्या! तिथे आपलं पाणीच बरं. खरी जमली ती कोथिंबीर वडी. तळलेलं बेसन, तीळ, बेताचं तिखट आणि वर तो आंबटगोड गार घोट... साहेब, कालवं गेली उडत.

त्या दिवशी दिंडोरीहून काका आले होते. त्यांनी २००६च्या सुमारास दीड एकर शेनिन लावलं होतं, करार करून. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग २००८ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलांतला खप पडला. काकांचा माल उचलायला कोणी आलंच नाही. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं; बाजारात त्याला कोण विचारतो? घड वेलीवरच वाळले. पुढच्या वर्षी काकांनी बाग तोडली आणि परत थॉमसन लावलं. मी तेव्हा शाळेत होतो. बांधावर रचलेले तोडलेले खुंट आठवतात.

"काका, घेता का थोडी?" मी जरा चाचरतच विचारलं. आजवर त्यांच्यासमोर कधी बाटली काढली नव्हती.

त्यांनी आधी वूव्रे घेतली. तोंडात घोळवली, द्राक्षाचा मणी चाखतात तशी. "घाई नाही केलेली काढायला. साखर बावीसच्या वर असणार." मग नाशिकची. "हे आपल्यातलं?"

"हो. तुम्ही लावलेलं तेच, शेनिन."

"आम्ही कधी चाखलीच नाही रे," काका म्हणाले. मग बाटली फिरवून बघितली. "किती द्राक्षं लागतात एकीला?"

"साधारण किलोभर."

"आणि ही केवढ्याला?"

मी किंमत सांगितली. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग वड्यांची ताटली पुढे ओढली आणि म्हणाले, "ओत अजून. त्या फ्रेंचाची नको, आपली ओत."