सुरतेच्या खिडकीतील आमरी

नवापूरचे रेल्वे स्थानक मोठे मौजेचे आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत. या भागातील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी येथूनच सुरतेची गाडी धरतात. सोनगड, व्यारा, बारडोली मागे टाकीत गाडी तापीकाठच्या त्या गजबजलेल्या नगरीत शिरते. यंदा जानेवारीत आपल्यापैकीच एका कुटुंबाच्या भेटीस तेथे जाण्याचा मला योग आला. यजमान उधना भागात यंत्रमागावर काम करतात. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे.

आत पाऊल टाकताच पूर्वेच्या खिडकीत पांढऱ्या पाखरांची रांग बसावी तशी फुले दिसली. कुंडीत मातीचा कण नव्हता.

"फादर, ही आमरी," गृहिणी म्हणाली. "आपल्याकडे आंब्यावर, मोहावर असते ना, तिच्याच जातकुळीतली. पण ही रानातून नाही आणली, रोपवाटिकेतून घेतली."

मी मनात ओशाळलो. आदल्याच पावसाळ्यात आमच्या चर्चच्या आवारातील आंब्यावरची अशीच झुडपे बांडगूळ समजून मी मुलांकरवी ओरबाडून काढविली होती.

वाचकहो, हा गैरसमज पुष्कळांचा आहे. बांडगूळ फांदीत मूळ रुतवून झाडाचा रस शोषते. आमरीची पांढुरकी मुळे मात्र सालीवरून केवळ धावतात. पावसाचे पाणी व हवेतील ओलावा ती स्पंजासारखी टिपून घेतात. झाडाकडून ती आधार घेते, अन्न नव्हे. तिच्या एका शेंगेत धुळीसारखी लक्षावधी बीजे असतात; पण त्यांत अन्नाचा साठा नसल्याने विशिष्ट बुरशीची साथ लाभल्यावाचून रानात एकही रुजत नाही. म्हणून झाडावरचा एक गड्डा तोडणे म्हणजे अनेक वर्षांची वाढ तोडणे होय.

स्पेनमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर सांतापाऊ (१९०३–१९७०) मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. डांगच्या अरण्यातील वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला, आणि कापडिया यांच्यासह लिहिलेला त्यांचा मुंबई इलाख्यातील आमरींवरील ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. एक धर्मगुरू ज्या रोपांपुढे वही घेऊन बसला, त्यांवर दुसऱ्याने कोयता चालवावा, याची मला लाज वाटली.

त्या माउलीची निगा साधी होती. भोके असलेल्या कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे. सकाळचे कोवळे ऊन. दुपारच्या प्रखर उन्हाला पातळ पडदा. पाणी सकाळीच द्यायचे. भिजलेली मुळे हिरवी होतात. ती पुन्हा रुपेरी दिसेपर्यंत थेंबही नाही. पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचे नाही. वैशाखात कुंडीखाली खडे पसरलेली पाण्याची परात. मुळे मात्र पाण्याला टेकू द्यायची नाहीत. "पहिले रोप मी मायेने मारले, फादर. रोज पाणी घालून कुजवले," ती हसून म्हणाली. या जातीला कळी धरण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो. सुरतेत तो थोडकाच पडतो. म्हणून दोन वर्षे तिने फुलाविना वाट पाहिली होती.

मग ती हळूच म्हणाली, "येथे काही लोक आम्हालाही बांडगूळ समजतात. आम्ही कुणाचे ओरबाडून खात नाही, फादर. हे बारा तास मागावर उभे असतात. आम्हाला फक्त टेकायला जागा हवी."

मला उत्तर सुचले नाही. नाताळचा गोठा अजून कोपऱ्यात मांडलेला होता. बेथलेहेमात ज्यांना उतरायला जागा मिळाली नाही, ती मरिया आणि तो योसेफ त्यात उभे होते. आम्ही सर्वांनी तेथेच गुडघे टेकून प्रार्थना केली.

परतल्यावर मी आंब्याखाली जाऊन वर पाहिले. मुलांचा हात न पोहोचलेल्या उंच फांदीवर एक गड्डा उरला आहे. त्याला हात लावू नये, असे मी सर्वांना बजावले आहे. आणि का लावू नये, हेही सांगितले आहे. उन्हाळ्यात त्यास फुले आली, तर ती वेदीसाठी तोडणार नाही. देवाने ठेवली तेथूनच ती त्याची स्तुती करोत.

आपल्या गावातून जे परगावी गेले आहेत, त्यांना या आठवड्यात एक पत्र तरी लिहावे. आणि परगावाहून जे आपल्या गावी आले आहेत, त्यांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांची मुळे नीट पाहावीत.