काष्टीहून मॉरिशसला

जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या काष्टीतून मॉरिशसला निघणाऱ्या जैन कुटुंबाने तिकिटाआधी पंचांग पाहावे. १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज मराठी शाळेत शिकतात, घरी मात्र क्रिओल बोलतात. गणेशचतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. त्यांचे मराठीपण पाहण्याचा तोच खरा दिवस. पण संवत्सरीही त्याच सुमारास येते! क्षमापनेच्या दिवशी घरापासून दूर राहणे कोणास रुचेल? म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. सूर्यास्त तेव्हा साडेसहाच्या सुमारास, चौविहार पाळणाऱ्यास सोयीचा. रस्त्यावरची डाळपुरी म्हणजे पुरणपोळीची अगोड बहीणच. सोबतच्या टोमॅटोच्या रस्स्यात मात्र कांदा-लसूण असतो. पुरी कोरडीच मागावी.